निमंत्रक, पश्चात्ताप सप्ताह

२१ फेब्रुवारी १९९६, राखेचा बुधवार
आजपासून लेंट, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ. कमिटीत पास्टरसाहेब म्हणाले, यंदा पश्चात्ताप सप्ताह घेऊ. विषय: मंडळीत आणि समाजात पाप दिसत असताना आपण गप्प का? मी लगेच हात वर केला. निमंत्रक मीच. चर्चचा सेक्रेटरी आहे, त्याआधी इरिगेशनमध्ये हेडक्लार्क होतो. नियोजन रक्तात आहे.
संकल्प: ईस्टरपर्यंत रोज तीनपर्यंत उपवास. आणि पाप दिसलं की तिथल्या तिथं बोलायचं. भीड नाही.

२२ फेब्रुवारी
अकरा वाजता चक्कर. चहा हा द्रवपदार्थ आहे, त्यानं उपवास मोडत नाही. बिस्किट चहात विरघळलं की तेही द्रवच.

२५ फेब्रुवारी, रविवार
उपासनेनंतर भागूबाई भेटल्या. आपल्या चर्चच्या होस्टेलात स्वयंपाक करतात. करमाडच्या. नवरा वारल्यापासून इथंच, कोठीखोलीत धान्याच्या पोत्यांशेजारी झोपतात. मला वाटलं गॅस संपला असेल.
म्हणाल्या, "दादा, काकासाहेब कोठीखोलीत येतात अन् दार लोटून घेतात."
काकासाहेब आमचे खजिनदार. म्हणालो, धान्य तपासत असतील.
"धान्य नाय तपासत," म्हणाल्या. मग गप्प. मग मीही गप्प.
शेवटी म्हणालो, प्रार्थना करू. जरा लांबली. डोळे उघडले तर बाई गेलेल्या. समाधान झालं असावं.

२६ फेब्रुवारी
काकासाहेब साधा माणूस नव्हे. चर्चचा लाऊडस्पीकर त्यांचा. पंखे त्यांचे. पण पाप ते पाप. उद्या तोंडावर बोलणार. वाक्य पाठ केलंय: "काकासाहेब, त्या बाईच्या वाटेला जाऊ नका."

२७ फेब्रुवारी
औरंगपुऱ्यात त्यांच्या भांड्यांच्या दुकानी गेलो. गिऱ्हाईक होतं, थांबलो. समोसे आले. तोंड उघडलं तेवढ्यात तेच म्हणाले, "दुसिंग, सप्ताहाचा मांडव माझ्याकडून." आता अशा वेळी तो विषय काढणं म्हणजे असभ्यपणा. मात्र समोसा मी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं खाल्ला. समजायचं ते समजले असतील.

३ मार्च, रविवार
पास्टरसाहेबांच्या कानावर घातलं. म्हणाले, आधी सप्ताह होऊ द्या, मग चौकशी समिती नेमू. अध्यक्ष तुम्हीच. म्हणजे काम सुरू झालं म्हणायचं.

९ मार्च
मंडळीनं (म्हणजे बायकोनं, चर्चनं नव्हे) विचारलं, "भागूबाईचं मनगट काळंनिळं कशानं झालंय?"
म्हणालो, चौकशी समितीचे विषय गोपनीय असतात.
"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"
बायकांना प्रोसीजर कळत नाही.

१७ मार्च
भागूबाई उस्मानपुऱ्यात थेट घरी आल्या. आत या म्हटलं तर दारातच उभ्या. "दादा, दुसरं काय नको. दाराला आतून एक कडी बसवून द्या. लई उपकार होतील."
किती साधी मागणी! ताबडतोब हो म्हणालो. आजच्यासारखा हलका दिवस लेंटमध्ये आला नाही.

१९ मार्च
इमारत चर्चची. दुरुस्तीला कमिटीची मंजुरी लागते, खर्चाला खजिनदाराची सही. खजिनदार काकासाहेब. अडचण आहे. मंडळी म्हणाली, "मीच सुतार घेऊन जाते." मी तिला रोखलं. उद्या कुणीही उठेल अन् चर्चच्या दाराला खिळे ठोकेल.

२५ मार्च, सोमवार
सप्ताह सुरू! मांडव भरलेला. पापकबुलीची प्रार्थना मी केली. "प्रभू, आम्ही पाहिलं आणि डोळे झाकले." इथं आवाज कापरा करायचं ठरवलं होतं, पण तो आपोआप झाला. काकासाहेब सगळ्यांत मोठ्यानं रडले. पाहुण्या उपदेशकांनी त्यांना मिठी मारली. असा पश्चात्ताप औरंगाबादेत झाला नसेल, असं लोक म्हणत होते. भागूबाई दिसल्या नाहीत. दोनशे माणसांचा स्वयंपाक होता.

२७ मार्च
दुपारची प्रार्थना चालू होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. कोठीखोलीकडून पातेलं पडल्याचा आवाज. मग ओरडणं. एकदा. मग पुन्हा.
काकासाहेबांची खुर्ची रिकामी होती.
मी उठलो. खरंच उठलो. पण निमंत्रकच उठून पळाला तर लोक काय समजतील? लाऊडस्पीकरवाल्याला खूण केली, आवाज वाढव. प्रार्थनेत व्यत्यय नको.
बायकांच्या बाजूनं कुणीतरी धावत गेलं. आमची मंडळी होती.

२८ मार्च
मंडळी रात्री घरी आली नाही. भागूबाईला घेऊन आधी सरकारी दवाखान्यात, तिथून पोलीस चौकीत. घरात चूल नाही. आज पहिल्यांदा पूर्ण उपवास घडला.

३० मार्च
तातडीची कमिटी. काकासाहेबांना कालच आत घेतलंय. त्यांच्या भावानं सांगितलं, बाई साखर चोरताना सापडली म्हणून हा कांगावा. सप्ताहावर सैतानाचा हल्ला आहे यावर एकमत झालं. मी बोलणारच होतो, पण माझा मुद्दा येईपर्यंत पास्टरसाहेबांनी समारोपाची प्रार्थना घेतली. भागूबाईंना कामावरून कमी केलं. "तात्पुरतं" हा शब्द मी भांडून घालायला लावला.

२ एप्रिल
चौकीत बोलावलं. निघण्यापूर्वी गुडघे टेकले. सगळं सांगायचं पक्कं होतं. बाहेर बाकावर भागूबाई आणि मंडळी. भागूबाईंच्या ओठावर टाका. मधलं दार उघडंच.
हवालदार म्हणाला, "ही बाई म्हणते, सेक्रेटरीला दोनदा सांगितलं होतं. सांगितलं होतं का?"
खिडकीतून काकासाहेबांच्या भावाची जीप दिसत होती.
"नाही," म्हणालो.
भागूबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. मंडळीनं बघितलं.

३ एप्रिल
काकासाहेबांना जामीन. माझ्या जबाबाचा उपयोग झाला, असं वकील म्हणाले.
मंडळी ट्रंक घेऊन करमाडला गेली, भागूबाईच्या घरी. एवढंच म्हणाली, "तुमच्या प्रार्थनेला आमेन म्हणायला मला बोलावू नका."

४ एप्रिल
आता ठरलं. उद्या उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, अख्खं चर्च हजर असणार. कबुलीची प्रार्थना माझ्याकडेच आहे. सगळ्यांसमोर सगळं सांगणार. भागूबाईंचं नाव घेऊन. काकासाहेबांचंही. माझंही.

५ एप्रिल, उत्तम शुक्रवार
बायकांची बाजू निम्मी रिकामी. काकासाहेब पुढच्या बाकावर.
उभा राहिलो. "प्रभू, आम्ही" म्हणालो. आम्ही नव्हे. पुन्हा सुरुवात केली. "मी." पुढं काही येईना. कुणी खोकलं. लोकांनी एकेक करून डोळे उघडले. पास्टरसाहेबांनी पेटीवाल्याला खूण केली, गीत सुरू झालं.
मी तसाच उभा. काकासाहेब उठले, दंडाला धरून मला खाली बसवलं, पाण्याचा ग्लास पुढं केला.
घेतला. सगळा प्यालो. थँक्यू म्हणालो.