आठ ते आठ अठ्ठेचाळीस

१५ जून, रविवार

सीडी प्लेअर गेला. तबकडी आत घेतो, घरघरतो आणि बाहेर थुंकतो. चौकातल्या इलेक्ट्रॉनिकवाल्या रविकांतला बोलावलं. झाकण उघडून म्हणाला, "काकाजी, लेन्स गेली याची. आता हे कोठीच भेटत नाई." मग म्हणाला, स्ट्रीमर घ्या. नेटवरची गाणी ओढून अ‍ॅम्प्लिफायरला देणारा डबा असतो म्हणे. अ‍ॅम्प्लिफायर तोच, स्पीकर तेच, फक्त मधला गडी बदलायचा.

हीराबाईला सांगितलं. तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "कायले पायजे आता? आयकनारी तं गेली."

मग मी कोण आहे या घरात!

१७ जून

दिवसभर दुकानात भांड्यांचा खणखणाट. घरी आल्यावर कानाला काहीतरी बरं लागतं — हे लग्न झाल्यापासून हीराबाईला सांगतो आहे. तिला पटत नाही. दोन दिवस घरात गाणं नाही. घर खायला उठतं.

२२ जून, रविवार

रविवार दुपार म्हणजे माझ्या मुलीची, जिनलची, आणि माझी. ती फरशीवर डाव्या स्पीकरला पाठ टेकून बसायची. मी ओरडायचो — आवाज अडतो! ती म्हणायची, "बाबूजी, मले पाठीतून आयकू येते."

जायच्या वर्षभर आधी तिने माझ्यासाठी नेटवर गाण्यांचं खातं उघडलं होतं. तबकड्यांचा जमाना गेला म्हणाली. त्यात याद्या करून ठेवल्या. एक 'बाबूजींचा रविवार'. एक 'बाबूजी चिडलेले असताना' — ही सगळ्यात लांब! पासवर्ड माझ्या जुन्या रोजनिशीच्या शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात आहे. वर्गणी आपोआप जात राहिली. मी बंद केली नाही, आणि तीन वर्षांत उघडलंही नाही.

रविकांतला आज फोन करून सांगितलं. ते खातं ज्यात उघडेल तेच मशीन पाहिजे. बाकी आवाज कसाही काढो.

२९ जून, रविवार

रविकांतने अकोल्याहून दोन मशीन आणली, ऐकून बघायला. पहिलं जड, लोखंडी, पुढे मोठा पडदा. लावलं आणि मी सरळ बसलो. सतारीच्या तारेवर नखी लागते ती जागासुद्धा ऐकू येत होती! चौतीस वर्षं हा नाद आहे, पण असा आवाज या घरात कधी झाला नव्हता. पण जिनलच्या खात्याची कंपनी त्यात थेट चालत नाही. त्यातल्या त्यात फोनवरून ब्लूटूथने पाठवायचं. म्हणजे केशरी दूध प्लास्टिकच्या कपात.

दुसरं साबणाच्या वडीएवढं. काळं, पडदा नाही, सगळं मोबाईलवरून. आवाज ठीक. पण खातं थेट उघडतं.

"मोठं घ्या काकाजी, हे तं पोट्ट्यायचं खेळनं हाये," रविकांत म्हणाला. त्याचं खरं आहे.

३ जुलै

लहान मशीन ठेवून घेतलं. आवाज सोडून दुसऱ्या कारणासाठी मशीन घेतलं, हे जन्मात पहिल्यांदा.

६ जुलै, रविवार

पासवर्ड टाकला. याद्या जशाच्या तशा! तिने दिलेली नावं, तिने लावलेला क्रम. 'बाबूजींचा रविवार' लावलं. पहिलीच ठुमरी. डाव्या स्पीकरसमोरची फरशी रिकामी. मी रडलो. लिहायला कसली लाज, हे कोण वाचणार आहे.

ती घर सोडून गेली तो दिवस आठवला. लग्न करायचं म्हणाली. मेडशीच्या इंद्रभान मास्तरांचा मुलगा विनोद — नागपूरला नोकरीला, बौद्ध. मुलगा कसा आहे हे मी विचारलंच नाही. म्हणालो, या घरात राहायचं तर ते नाव घ्यायचं नाही. ती एक बॅग घेऊन निघाली. मी घेऊन दिलेला फोन टेबलावर ठेवला, चार्जरसकट. मी हीराबाईला म्हटलं, काढून टाक तो डोळ्यांसमोरून. आणि आजपासून जिनलचंही नाव घ्यायचं नाही.

हीराबाईने नाही घेतलं. तीन वर्षांत एकदाही नाही.

९ जुलै

आठ वाजता गाणं मधेच तुटलं. नेट गेलं असेल.

११ जुलै

पुन्हा आठ वाजता! मी परत सुरू केलं, ते परत थांबलं. मी दाबलं, थांबलं. दाबलं, थांबलं. चार वेळा! कोणीतरी हातातून ओढून घेतं आहे असं. रविकांतला फोनवर नको ते बोललो — फुकटचं खेळणं माझ्या गळ्यात मारलंस.

हीराबाई मागच्या खोलीत सामायिकाला, रोजच्या ध्यानाला, बसलेली. ती बसली की दार लोटलेलं असतं, कोणी हाक मारायची नाही, हा नियम. ती बाहेर आली तोवर माझी मारामारी थकली होती. तिचे डोळे लाल. डोळे आलेत, औषध टाक म्हटलं. "हौ," म्हणाली.

१३ जुलै, रविवार

रविकांतने वायफाय नको म्हणून स्वयंपाकघरातल्या नेटच्या डब्यापासून वायर ओढून दिली. दाराच्या चौकटीवरून, कोपऱ्यातून. हीराबाईने वायरीकडे बघितलं. दुपारभर गाणं न तुटता वाजलं. जमलं!

संध्याकाळी आठला तुटलं.

१५ जुलै

पुन्हा. यावर घड्याळ लावून घ्यावं.

१८ जुलै, शुक्रवार

झोपायच्या आधी लिहून ठेवतो.

रविकांत आज मुद्दाम पावणेआठला आला. दोघं बसलो. आठला तुटलं. त्याने माझा मोबाईल घेतला, बघितलं आणि हसला. "काकाजी, मशीनची काई चूक नाई. तुमचं खातं दुसरीकडं कोनी वाजवून राह्यलं. एका खात्यावर एकाच जागी वाजते. तिकडं लावलं का इकडचं बंद."

"दुसरीकडे कोण?"

त्याने पडदा माझ्यापुढे धरला. वर लिहिलेलं: जिनलचा फोन.

रविकांतचं हसू गेलं. "जिनलताई दिसते," म्हणाला आणि चहा न घेताच उठला.

खाली गाण्याचं नावही दिसत होतं. यादी कोणती? 'बाबूजी चिडलेले असताना'.

१९ जुलै

नवीन फोनलाही तिने तेच नाव ठेवलं असेल. रात्रभर हेच. ती ऐकते! नागपुरात बसून माझ्या याद्या ऐकते! सकाळी दुकानात दोन गिऱ्हाइकांना चुकीचे डबे दिले. एकीला हसत हसत बदलून दिले, तर ती घाबरलीच. मी, घेवरचंद शेठ, आणि हसतो!

हीराबाईला सांगायचं जिभेवर आलं होतं. पण ते नाव घ्यायचं नाही हे मीच ठरवलेलं. आता कोणत्या तोंडाने घेऊ? तिच्यासमोर मला ते नाव उच्चारताच येईना. ताटात भाजी वाढून घेतली.

२७ जुलै, रविवार

आता मी आठची वाट बघतो. साडेसातपासून काहीतरी लावून ठेवतो, फक्त तुटावं म्हणून. तुटलं की मी ते परत लावत नाही. मोबाईलवर बघत बसतो — आता कोणतं गाणं, आता कोणतं. गाणं तिकडे, मी इकडे, खोलीत चिडीचूप. यापेक्षा चांगलं ऐकणं मी त्या लोखंडी मशीनवरही ऐकलं नसतं.

आज वेळ धरून बघितली. आठला सुरू, आठ अठ्ठेचाळीसला बंद. काल तेच, परवा तेच. अठ्ठेचाळीस मिनिटं! बरोबर एका सामायिकाएवढा वेळ! लहानपणी आईशेजारी रेतीचं घड्याळ घेऊन बसायची ती. घर सोडलं, घरातलं वळण नाही सोडलं पोरीने.

३१ जुलै

हीराबाईचे डोळे अजून लाल असतात. औषध टाकत नाही. ऐकते कुठे माझं.

१० ऑगस्ट, रविवार

आनंदाची एक वाईट खोड आहे, तो मागचं सगळं उकरून काढतो.

इंद्रभान मास्तर दुकानात आले होते. पांढरा शर्ट, हातात पिशवी, मेडशीहून एसटीने. म्हणाले, पोरांचं मन जुळलं आहे, आपण मोठ्यांनी बसून बोलू. मी गादीवर बसलेलो. त्यांना बसा म्हटलं नाही. दारातला माणूस पाणी मागतो त्यालाही मी लोटा देतो — माझंच भांड्यांचं दुकान! त्यांना पाणी विचारलं नाही. दहा मिनिटं उभे राहिले. जाताना "बरं, येतो" म्हणाले. शहाणा माणूस. हलका मी झालो.

आणि ते कार्ड. ती गेली त्याच वर्षीची संवत्सरी. वर्षभरातल्या चुकांची एकमेकांना क्षमा मागायचा दिवस. सकाळीच तिचा मेसेज — लांब, एकटीने बसून लिहिलेला, शेवटी 'बाबूजी, मिच्छामि दुक्कडम्'. मी अर्धा वाचून ठेवला. दुपारी दुकानाच्या नावाचं छापील कार्ड फोनमधल्या सगळ्या नंबरांना एकदम सोडलं, दरवर्षीसारखं. गिऱ्हाईक, ठोकवाले, गॅसवाला. त्यात तिचाही नंबर. 'आमच्या सर्व ग्राहकांस क्षमायाचना.' पोरीला हे उत्तर गेलं! मला चार दिवसांनी कळलं. कळूनही मी दुसरं काही लिहिलं नाही. पुढच्या दोन्ही वर्षी तिने काही पाठवलं नाही.

१९ ऑगस्ट

उद्यापासून पर्युषण. आठ दिवस गाणी बंद. मशीनवर कापड टाकलं. तिला वाटेल का, बाबूजी आज का नाहीत?

२७ ऑगस्ट, बुधवार

संवत्सरी. उपास आहे, डोकं हलकं झालं आहे. बाहेर गणपतीचे ढोल. यावर्षी कार्ड कोणालाच पाठवलं नाही. संध्याकाळी प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेला जायच्या आधी एकटा बसून एकाच नंबरला लिहिलं. तीनदा खोडलं. शेवटी जे गेलं ते इथे उतरवून ठेवतो:

'जिनल, तू रोज आठ वाजता माझ्या याद्या ऐकतेस. मला दिसतं. तू लावलंस की मी थांबतो. तुझ्या सासऱ्यांना मी उभं ठेवलं, तुला दुकानाचं कार्ड पाठवलं. मी चुकलो. मिच्छामि दुक्कडम्. — बाबूजी'

प्रतिक्रमणाहून आल्यावर हीराबाईने माझ्यासमोर हात जोडले, दरवर्षीसारखे. काहीतरी बोलणार होती. ओठ हलले. पण शेजारच्या बाया आल्या क्षमा मागायला आणि राहून गेलं.

२८ ऑगस्ट

मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर नाही. आज मशीन लावलं नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पावणेआठला उत्तर आलं. 'बाबूजी, मिच्छामि दुक्कडम्. तुमचा मेसेज किती वेळा वाचला सांगता येत नाही. पण ती मी नाही. ते खातं मी त्या फोनसोबतच घरी सोडलं. आई कशी आहे?'

मशीन लावलं. आठला तुटलं. वर लिहिलेलं: जिनलचा फोन.

सामायिकाचं दार उघडायचं नसतं. मी उघडलं. हीराबाई कटासणावर बसलेली, तोंडावर धरायची मुहपत्ती बाजूला. मांडीवर जिनलचा जुना फोन, कानात वायर. मला बघून तिने घाईने हात जोडले. "तीन सालापासून मी सामायिक नाई केलं," म्हणाली. "तिचं आयकत राह्यली. तुमी चिडू नका."

मी फरशीवर बसलो. जिनलचा मेसेज तिला वाचून दाखवला. शेवटच्या तीन शब्दांशी थांबलो. त्याचं उत्तर जिनलला पाठवायचं आहे, आणि मला ते येत नाही. एका घरात राहून मी कधी विचारलंच नाही.