आई येणार का, याचं उत्तर

वाडी, ता. सेनगाव
१ डिसेंबर

प्रिय रागिणीताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा पाया पडून नमस्कार. दाजींनाही नमस्कार सांग. सृष्टीला पापा. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. थंडी पडली आहे, तुरीला शेंगा धरल्या आहेत. दिवाळीपासून मेंढ्या व्यायला लागल्यात, त्यामुळे दिवसभर कोकरांचा गलका असतो.

आईचा पासपोर्ट आला. नाव, गाव, जन्मतारीख मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं, सगळं बरोबर आहे. पिशवीत बांधून कोठीवर ठेवला आहे, तिथे उंदीर चढत नाहीत.

तू मागे सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. दाजी रात्रभर गोदामात काम करून येतात, तू बसस्टॉपवरच सृष्टीला त्यांच्या हातात देतेस आणि विद्यापीठात जातेस. परवा बसमध्ये त्यांचा डोळा लागला आणि लेकरू सीटवरून उतरून दाराशी जाऊन उभं राहिलं, हे ऐकून दिपा आमच्या आरोहीला मांडीवर घेऊन बसली, त्या दिवशी जेवली नाही. पाळणाघराची फी खोलीभाड्याहून जास्त, आणि तुम्ही बाहेरदेशचे म्हणून तिथल्या लोकांची सवलत तुम्हाला नाही. आई सहा महिने आली तर तुझा प्रबंध लिहून होईल, हे मला कळतं.

वाडीत सगळ्यांना कळलं आहे. शेजारचे जळबामामा रोज आईला छेडतात.

"गोजरबाई, इमानात मेंढरू घेत न्हाईत म्हणं. मंग सा महिने तू तिथं करणार काय?"

"घेत न्हाईत व्हय? मी तर तुला न्यायचं म्हणून राहिले होते."

सगळे पोट धरून हसले. आई अजून अशीच बोलते.

दिपा तिला गॅसची शेगडी शिकवते आहे. बंद करायची राहते कधी कधी. शिकेल.

पाळणाघरात एक जागा सुटली आहे आणि शुक्रवारी त्यांना हो की नाही सांगायचं आहे, असं तू लिहिलंस. त्यांना घाईने नाही म्हणू नकोस. मी कळवतो.

यंदा मी मेंढ्यांना आणि कोकरांना रंगीत दोरे बांधलेत. मेंढीला आणि तिच्या कोकराला एकच रंग. सोयीसाठी.

तुझा,
बजरंग


४ डिसेंबर

ताई,

तुझा निरोप सकाळी वाचला. आई येतेय म्हणून उद्या पाळणाघराला नाही कळवतेस, आणि सृष्टीला "आजी" म्हणायला शिकवतेस. हे लिहून लगेच याचा फोटो पाठवतो. फोनवर सांगता येत नाही. तुझा फोन आला की आई शेजारी येऊन बसते, तुला माहीत आहे.

दोरे सोयीसाठी बांधले नव्हते.

मेंढरं सांजच्याला चरून आली की आई काय करायची ते तुला सांगायला नको. बांबूच्या पालथ्या डालग्याखालची कोकरं एकेक उचलून ज्याला त्याला त्याच्या मेंढीखाली लावायची. खूण नाही, काही नाही. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. दिवाळीपासून तिचं चुकायला लागलं. परकं कोकरू लावलं की मेंढी हुंगते आणि लाथ मारते. आई म्हणायची, "यंदा मेंढ्याच बिघडल्यात." एक कोकरू उपाशी राहून मेलं तेव्हा मी दोरे आणले. तिने पाहिलं आणि म्हणाली, "हे काहून बांधलं? माझे डोळे गेले का?" मंगळवारी मी रानात असताना तिने सगळे दोरे ओढून काढले.

आता काल बुधवारचं सांगतो. आधीच लिहितो की आमची आरोही बरी आहे.

दिपा कापूस वेचायला गेली होती, मी मेंढरांमागे. आरोही आईजवळ. ऊन वर आल्यावर मी भाकरीला घरी आलो तर आई जळबामामांच्या ओट्यावर गप्पा मारत बसलेली. मी विचारलं, "आई, आरोही कुठं हाय?"

ती म्हणाली, "कोन आरोही?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. मी आधी विहिरीकडे पळालो, ताई. वाकून आत पाहिलं. मग घर, गोठा, कडब्याची गंजी. शेवटी मेंढरं कोंडायच्या वाघरीत कोकरांचं डालगं दिसलं, त्यावर दगड ठेवलेला. उचललं तर आत दोन कोकरं आणि आरोही. रडून रडून तिचा आवाज गेला होता. नुसतं तोंड उघडायची.

तोवर आई धावत आली. तिने लेकरू माझ्या हातातून ओढून घेतलं, पदराने तोंड पुसलं. "अगं बया, कुत्री लई फिरत होती. म्हणून म्या झाकून ठेवली." आपल्यात लेकरं अशी ठेवतातच, तुला मला ठेवलंच असेल. पण ठेवणारं माणूस तिथून उठत नाही. ती ठेवून उठली, आणि विसरली.

मग ती चुलीजवळ जाऊन बसली. मला म्हणाली, "रागीला सांगू नको. शिकणं सोडून येईल ती." मी हो म्हणालो. आज तिचं ऐकत नाही.

हिंगोलीच्या डॉक्टरांना मी मागेच दाखवलं होतं. विसरणं वाढत जाईल म्हणाले. मला वाटलं, तिकडे गेल्यावर सृष्टीच्या नादाने बरं वाटेल. काहीही वाटून घेतो माणूस.

आई येणार नाही. मी तिला पाठवणार नाही.

कोकरं सांभाळणारं कुणी उरलं नाही, म्हणून कळपही ठेवता येत नाही. व्यापारी किशनराव आज येऊन मेंढरं घेऊन गेले. ते पैसे दाजींच्या खात्यावर टाकतो, पाळणाघरासाठी. पुढे पुरणार नाहीत, पण प्रबंध लिहून होईपर्यंतचे सहा महिने निघतील. आईला विचारूनच विकली. सकाळी ती हो म्हणाली होती. किशनराव मोजू लागले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "हा मानूस कुनाची मेंढरं घेऊन राहिला?"

मी म्हणालो, "आपलीच."

"मंग भाव बराबर लाव म्हणा त्याला. लई गुणाची हाईत."

उद्या पाळणाघर उघडलं की आधी हो म्हणून ये, मग विद्यापीठात जा. इकडे यायचा विचार करू नकोस. तू आलीस तर मी तुला सांगितलं हे तिला कळेल, आणि तेवढं मात्र ती विसरणार नाही. दाजींना आता दिवसा झोपू दे. फोन केलास की "मला ओळखलंस का" असं विचारू नकोस, तूच आधी तुझं नाव सांग. तिकडे कधी यायचं असं आईने विचारलं तर थंडी सरल्यावर म्हण. मीही तेच सांगतो.

इथे आईजवळ मी आहे. तू लेकराचं बघ.

बजरंग