टांगेवाल्याचं मुंडासं

मुरबाड, मंगळवार, ऑगस्ट १९३८

असाध्य रोग्याला मरण द्यावं, हे पटवणारा निबंध आज वर्गात वाचायचा होता. माझी सुरुवात, ‘दया हा श्रेष्ठ धर्म होय.’ गुरुजींनी जांभई दिली. मग रघूने वाचलं, ‘घोड्याचा पाय मोडला. टांगेवाल्याने मुंडासं सोडून त्याचे डोळे झाकले आणि बंदूकवाल्याला खूण केली. माझी आय वर्षभर तळमळली. तिच्यासाठी कोणी मुंडासं सोडलं नाय.’

“सुरुवात असावी तर अशी!” गुरुजी म्हणाले.

अरे, घोडा आमचा! मुंडासं माझ्या बाबांचं! लगाम धरून मी उभा होतो. मग मलाच का नाही सुचलं? रोज खुंटीवर दिसतं ते मुंडासं. नुसता जळफळाट.

आता घरी माझी आय चुलीपाशी खोकली, आणि काळजीच्या आधी माझ्या मनात निबंधाची सुरुवात आली.