पाटील बसले की दिवा लागतो

९ डिसेंबर १९५१

मिळाले! काम मिळाले — माझे एकट्याचे!

बिसनलाल पाटील निवडणुकीला उभे आहेत. त्यांची निशाणी तारा. त्यांच्या मोटारीच्या टपावर लाकडी तारा बसवायचा, त्याला बल्ब लावायचे आणि अंधार पडला की तो उजळत गावोगाव फिरायचे. गॅरेजवाले रामलाल मिस्त्री ट्रकच्या इंजिनात कोपरापर्यंत बुडालेले होते. तिथूनच ओरडले, "तू कर बे. बिघडलं तं सामान उचल अन् दरेकशाची गाडी पकड."

दरेकसा म्हणजे घर. बाबांबरोबर जंगलात लाकडे तोडणे. आईची आठवण रोज येते, पण परत जायचे नाही. मला गॅरेजातच राहायचे आहे!

वायर मागच्या सीटखालून नेणार. कुणाला दिसायला नको.

११ डिसेंबर

लागला! पाचही टोके! दारातून पाहिला, रस्त्यावर जाऊन पाहिला, पानठेल्यापर्यंत जाऊन वळून पाहिला. मिस्त्री म्हणाले, "हं." एवढेच. पण त्यांचे "हं" सहजी निघत नाही.

१२ डिसेंबर

सत्यानाश.

कुडव्याला पहिली सभा. पाटील आणि त्यांचे दोन पाहुणे मागे बसलेले, मी पुढे, कवडू ड्रायव्हर गाडी चालवतो आहे. गाव दिसू लागले तसे मी बटण दाबले. तारा झळकला. लोक धावत आले — आणि फट! अंधार. काचेचा फ्यूज आतून काळा. सगळे उतरले, मी नवा घातला, लागला. सगळे बसले, गाडी हलली नाही तोच पुन्हा गेला!

गर्दीतून कुणीतरी म्हणाले, "पटलाचा तारा बुडाला गा!" केवढे हसले लोक. पाटील हसले नाहीत.

कवडू म्हणतो, "सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळ ना फ्यूजच्या जागी. कायले भेतं?" मी नाही म्हटले. चांदी जळणार नाही, मग वायर जळेल, मग पाटील जळतील! "तू लयच भेकाड आहेस बे." आहे. असू दे.

१३ डिसेंबर

प्रत्येक जोड उघडला. प्रत्येक बल्ब काढून पुसून घातला. तारा दुपारभर जळत ठेवला. फ्यूज शाबूत! गॅरेजात काहीच होत नाही. मिस्त्री म्हणाले, "गाड़ी झूठ नहीं बोलती." म्हणजे खोटे मी बोलतो?

जेवण गेले नाही.

१४ डिसेंबर

आज पाटलांच्या अंगणातच फ्यूज गेला; नवा घातला. मिस्त्रींचा निरोप — उद्या गेला तर परवाच्या गाडीने तू.

१५ डिसेंबर

सापडले! अखेर सापडले!

आज पुन्हा कुडवा. त्या दिवशीचे हसू पुसून काढायचे म्हणून पाटलांनी मुद्दाम तिथेच सभा ठेवली. निघताना अंगणात बसायला तयार होईनात. म्हणाले, "माझीच दशा खराब चालू आहे. मले पाहूनच तारा विझून राहिला." कुणी लिंबू-मिरची बांधली. तेवढ्यात पाटलीणबाई गिरजाबाई दारातून म्हणाल्या, "दशागिशा काही नाही. काल मी या मोटारीतूनच देवीले गेली. तारा लागलेलाच होता. हे बसले का जाते. केवढं वजन हाय यांचं!"

पाहुणे हसू दाबू लागले. माझ्या डोक्यात मात्र एकदम उजेड पडला. वजन! गॅरेजात मागे कुणी बसतच नाही. सीटखाली स्प्रिंगा. स्प्रिंगांखाली माझी वायर!

पण खात्री कशी करावी? शेवटचे दोन फ्यूज उरलेले. तारा बंद ठेवूनच पाटलांना बसवले आणि कुडव्याला पोहोचेपर्यंत विचार केला. तिथे लोक आधीच जमलेले, त्या दिवसासारखी मजा होईल म्हणून. मी टपावरच्या ताऱ्याची वायर सोडली. फ्यूज काढला, त्या जागी दोन्ही टोकांना एक मोठा बल्ब जोडून बॉनेटवर ठेवला आणि बटण दाबले. तारा सोडलेला, म्हणजे वीज कुठेच जायला नको आणि बल्ब लागायला नको. लागला, तर वाटेत वायर लोखंडाला टेकते आहे. फ्यूज मात्र एकही जळणार नाही.

"पाटील, बसा."

बसले. बल्ब लख्ख!

"उठा."

उठले. अंधार!

मी ओरडलो, अगदी ओरडलो, "बसा!" लख्ख! "उठा!" अंधार! मी नाचत होतो म्हणे. कवडू सांगतो. मला आठवत नाही.

आणि मग कळले की सगळे गाव गाडीभोवती दाटले आहे. एक म्हातारी, धुरपताबाई, काठी टेकत पुढे आली. "आता गा! पटील बसले का दिवा लागते?" मागून एक जण, "परत बसा, पटील!" पाटील बसले. लख्ख! टाळ्या! "उठा!" आता गावच सांगू लागले. पाटील घामाघूम, धोतर सुटायला आलेले, पण चेहरा असा की जणू निवडूनच आले. शेवटी भाषण झालेच नाही. कुणी मागितलेही नाही.

१६ डिसेंबर

सीट काढली. वायरीचे आवरण स्प्रिंगेने एका जागी खाल्ले होते, तांबे चमकत होते. एवढेसे! मी मूर्ख. कडेने, दाराच्या वरून नवी वायर नेली आणि पितळी पट्ट्यांनी दाबली. मिस्त्रींना सगळे खरे सांगितले. ते म्हणाले, "मागच्या सीटखालून वायर नेते का कोणी? पागल." पण दरेकशाच्या गाडीचे नाव काढले नाही.

संध्याकाळी पाटील बसले. तारा जळत राहिला. पाटलांचे तोंड उतरले.

"अन् तो दिवा?"

"दुरुस्त झाला, पाटील. आता लागणार नाही."

"तुले कोनं सांगितलं होतं दुरुस्त कराले!"

१७ डिसेंबर

पाटलांचा दिवा नीट बनवला! सीटखाली दोन पितळी पट्ट्या, मध्ये जरा फट, वर फळी. बसले की पट्ट्या भेटतात, उठले की सुटतात. वेगळी वायर, वेगळा फ्यूज, बॉनेटवर काचेच्या हंडीत बल्ब. स्वतः बसून पाहिले — लागत नाही. कवडूला मांडीवर घेऊन बसलो — लागला! दोघे हसून हसून सीटवरून खाली पडलो.

१९ डिसेंबर

काल दोन गावे, आज तीन. पाटील बसून बसून थकले. लोक ऐकत नाहीत. एका गावात बायकांनी गिरजाबाईंनाच बसवले. दिवा लागला नाही, तर म्हणतात, "बाई खरी, दिवा खोटा!" गिरजाबाई एवढ्या हसल्या की डोळे पुसावे लागले. फ्यूज एकही गेला नाही. एकही नाही!

२१ डिसेंबर

मिस्त्री मला गॅरेजात ठेवणार की नाही? विचारायची हिंमत होत नाही.

२२ डिसेंबर

सकाळी गॅरेजापुढे मोटार थांबली. जियालालजींची — बिसनलाल पाटलांच्या विरोधात उभे आहेत ते! ड्रायव्हर म्हणाला, "आमचे साहेब बसले का दोन दिवे लागाले पाहिजेत." मिस्त्रींनी हात पुसले, गाडीभोवती एक चक्कर मारली, सीट दाबून पाहिली. मग माझ्याकडे वळले.

"कसं करायचं, सांग."