चौकटीवरची बारावी

१० फेब्रु.
आज वेणी यांनी घातली. वेणी कसली, कडब्याची पेंढी! थंडीपासून उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही. आणि १४ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत लेझीमला दरवर्षी पुढं मी. काल लेझीममधली संगीता हळूच, "ताई, यंदा पुढं मी थांबू का?" थांब की, मी मेल्यावर.

१३ फेब्रु.
परभणी. व्यायामवाल्या डॉ. मॅडम. आमच्या रोहितच्या वयाची पोरगी. म्हणाली, खांदा आखडलाय, सुटेल. सुटेल!! आधी गरम पिशवीनं शेक, मग बोटांनी भिंत चढायची. ओढ लागली की थांबायचं. घरी, पिंगळीपर्यंत, गाडीत एकटीच हसत आले.

१४ फेब्रु.
भिंतीऐवजी स्वयंपाकघराची चौकट धरली. तिथं रोहितच्या उंचीच्या खुणा आहेत, पहिली ते बारावी. तो आता पुण्याला नोकरीत. बोटं चढली तिसरीपर्यंत, पुढं कळ. म्हणजे मी तिसरीत! बारावी गाठली की लेझीम डोक्यावर.
सासूबाई तंबाखूला चुना लावत बघत होत्या. "पालीवानी भिताडाला काय चढायलीस? आमी न्हाई केलं दुखण्याचं असलं कौतुक."

२ मार्च
पाचवी पास! यांना पेढे आणायला लावले.

१५ मार्च
सातवी. मग अंगात आलं. लेझीम काढली, अंगणात तासभर...

१६ मार्च
परत चौथी. मूर्ख बाई. हमसून रडले. मॅडम फोनवर, "काकू, आज बर्फ लावा. रोजची ओढ वेगळी, ही ठणक वेगळी. ठणकलं की ऐकायचं त्याचं." सासूबाई निर्गुडीचा पाला गरम करून घेऊन आल्या. "बर्फानं कुठं ऱ्हातंय का दुखणं!" आज नको म्हटलं तर चेहरा पडला त्यांचा.

२८ मार्च
आठवी!! पण गंमत वेगळीच. चौकट पुसायला गेले तर पहिलीच्या खुणेखाली पांढरी बोटं. चुना. घरात चुना एकच माणूस खातं.
"आत्या, हे काय?"
आधी तोंड फिरवलं. मग, "लय वर्सं झाली. पोलकं घालताना जीव जातो. सांगून काय करावं म्हनलं."
रागच आला मला. एका घरात राहतो ना आपण? गरम पिशवी आधी त्यांच्या खांद्याला दिली.

६ एप्रिल
दोघी परभणीला. मॅडमनी त्यांचा हात हळूच फिरवून पाहिला, साखर तपासायला सांगितली. "आजी, वेळ लागेल, पण हलेल." येताना सासूबाई अख्ख्या डब्याला सांगत होत्या, "मी पैलीत हाय, सून धाव्वीत!"

१३ एप्रिल
अकरावी. रोहित आला. संगीताला सांगून टाकलं, पुढं मीच. कळ आली तर बाजूला होईन, मग तू. ती हसली. बघू.

१४ एप्रिल, सकाळ
वेणी माझी मी घातली!!! वाकडी आहे, असू दे. पांढरी साडी नेसले. बारावी अजून जराशी वर राहतेच. सासूबाई दुसरीच्या खुणेवर बोट टेकवून उभ्या, उतरायला तयार नाहीत. रोहित ओरडला, "आजी पास!"
चौकात हलगी सुरू झाली. लेझीम हातात घेतली.
"जा की आता," सासूबाई तिथूनच म्हणाल्या. "हात वर गेला न्हाई तर खालनं वाजव. पर पुढं ऱ्हा."
निघाले.