कोपऱ्याच्या खांबाचा दगड

३ सप्टेंबर १९८३
तो येतोय. अठरा तारखेला, गावच्या प्राचीन देवळाच्या पायऱ्यांवर सत्कार. प्राध्यापक क्लेआन्थिस वार्सामिस. सव्वीस वर्षं गावात पाऊल टाकलं नाही, आता ऐंशीव्या वर्षी अथेन्सहून फुलं घ्यायला येतोय.
येऊ दे.

४ सप्टेंबर
बाबांनी त्याच्या हाताखाली सहा वर्षं दगड घडवला. देवळाचे पडलेले खांब उभे केले ते बाबांच्या टोळीनं. एकही खांब दुसऱ्यासारखा का नाही, हे आधी ओळखलं तेही बाबांनीच. एकाचा माथा पसरट, शेजारच्याचा उभट. बाबा म्हणाले होते, "साहेब, हे एका दमात बांधलेलं नाही. आधी लाकडाचे खांब असणार. एकेक कुजला, तसा एकेक दगडाचा बसवला. ज्या पिढीनं बसवला त्या पिढीची घडण."
वार्सामिसच्या पुस्तकात हे सगळं आहे. त्याच पुस्तकानं त्याचं नाव झालं. बाबांचं नाव आभारांतसुद्धा नाही. त्याच वर्षी, सत्तावन साली, बाबांना कामावरून काढलं.
"माझं डोकं पुस्तकात घातलं आणि मला रस्त्यावर." मरेपर्यंत बाबा हेच बोलायचे. बारा वर्षं झाली जाऊन.

७ सप्टेंबर
देवळाच्या नव्या मोजणीत दक्षिण बाजू माझ्याकडे आहे. दिवसभर परांचीवर चढून मापं घेते. परांची बांधणारा स्टेलिओस खालून म्हणतो, "आस्पासिया, नवरा असा मोजून-मापून बघितला असतास तर आज सावलीत बसली असतीस."
मी म्हटलं, "तुझं माप घेतलं होतं. कमी भरलं."

९ सप्टेंबर
सापडलं!
खांब अखंड नसतो. पाच दगडी चाकं एकावर एक, वर जाताना बारीक होत जाणारी. कोपऱ्यातला खांब मुद्दाम जाड, कारण त्याच्यामागे भिंत नाही, मोकळं आकाश आहे. उजेडात तो बारीक दिसला असता. इथे तो इतरांपेक्षा जवळजवळ तीन सेंटिमीटर जास्त जाड आहे.
कोपऱ्यापासून दुसऱ्या खांबातलं तिसरं चाक कोपऱ्याच्या खांबाचं आहे. बसत नव्हतं म्हणून चहूबाजूंनी तासलंय. अंगावरच्या वीसही उभ्या पन्हाळी उथळ करून टाकल्यात. इतर चाकांवर दगडफूल चढून करडी कातडी धरलीय, हे अजून उघडंबोडकं. अडीच हजार वर्षांचा दगड, आणि त्यावर छिन्नी! हा खांब उभा केला सत्तावनच्या मार्चमध्ये. प्रमुख कोण? वार्सामिस.

१० सप्टेंबर
सगळी मापं पुन्हा घेतली. तीच आली.

१२ सप्टेंबर
जुना अहवाल मागवून घेतला. त्यात त्याच्याच सहीखाली एक ओळ: "तिसऱ्या चाकात किरकोळ जुळवाजुळव, माझ्या आदेशानुसार."
किरकोळ म्हणे.
ही ओळ गावासमोर वाचणार. आई कालामाता शहरात मावशीकडे आहे, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. फोनवर काही बोलले नाही. येईल तेव्हा सांगेन, समोर बसवून.

१७ सप्टेंबर
निळा झगा इस्त्री केला. नकाशा मोठा काढून घेतलाय, शेवटच्या रांगेतूनही दिसेल असा.

१८ सप्टेंबर
झालं.
काठी टेकत आला. वाटलं होतं त्याहून लहान झालाय. पाद्रीबुवांचं झालं, सरपंचांचं झालं, मग तो उठला आणि लाकडी खांबांचं सांगू लागला. बाबांचेच शब्द! टाळ्या झाल्या. कुणाला काही विचारायचंय का म्हणाले, तेव्हा मी उभी राहिले. नकाशा उलगडला. कुठला दगड कुठे लागला, किती तासला, सगळं सांगितलं. अहवालातली ओळ वाचली. विचारलं, "हे कुणी करायला लावलं, सर?"
तो नकाशाकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे. "तू थ्रासिव्हुलोसची मुलगी ना?"
"हो. त्यांचीच."
"मापं चोख घेतलीस." मग म्हणाला, "आदेश माझा होता. चूक माझी."
मागून कुणीतरी म्हणालं, "अरेरे, आणि याला फुलं द्यायला निघालो होतो." सरपंचांनी मानपत्र हळूच खुर्चीखाली सरकवलं. जेवणाला तो थांबला नाही. गाडीपर्यंत त्याच्यासोबत कुणीही गेलं नाही. मी पाहत उभी होते. डोळे भरून पाहिलं.
नंतर बाबांच्या थडग्यावर जाऊन दिवा लावला. म्हटलं, फिटलं.

२० सप्टेंबर
पेपरात आलंय. फोटोत माझं बोट त्याच्याकडे रोखलेलं. स्टेलिओसनं कॉफी पाजली.

२१ सप्टेंबर
आई आली. जेवताना तिला सगळं सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं.
"तो दगड तुझ्या बापानं तासला," ती म्हणाली. "वार्सामिस त्या आठवड्यात अथेन्सला होता. हा सकाळपासून प्यायलेला. चुकीचं चाक वर चढवलं, बसेना म्हणून छिन्नी घेतली. वार्सामिस आला, बघितलं, आणि स्वतःच्या नावावर लिहून टाकलं. नाहीतर तुझा बाप तुरुंगात गेला असता. कामावरून मात्र काढलं."
"आणि पुस्तक?"
"ते चोरलंच त्यानं. तेही खरं."
अथेन्सची बस सकाळी साडेसहाला आहे.