सटवाईला बोललेला कोंबडा

सिन्नर, मळ्यावरून
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सायली हिस,
अनेक उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणत होता की हाताने लिहिलेलं पत्र या रस्त्याला हल्ली फक्त आपल्याकडे येतं. त्याला काय ठाऊक, फोन कानाला लावला की मला पिठाची चक्की चालल्यासारखी घरघर ऐकू येते. तुम्ही बापलेक अर्धा तास बोलता आणि दादांना काय म्हणाली विचारलं तर बरं चाललंय म्हणून मोकळे होतात. म्हणून तू आपली लिहीत जा.

आपली तांबडी कोंबडी खुडूक झाली आहे. अंडी घालायची थांबली, पिसं फुलवून कोपऱ्यात बसते, हात पुढे केला की चोच मारते. मागच्या खेपेला दादांनी तिला पाण्यात बुचकळून खुडूक मोडली होती. या वेळी मी हात लावू दिला नाही. पाटीत गव्हाचं काड घातलं, वीज कडाडून अंडी नासू नयेत म्हणून खाली लोखंडी खिळा ठेवला आणि अकरा अंडी तिच्या पोटाखाली सरकवली. दादा विचारत होते की फेब्रुवारीत कुठली वीज. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग.

खरी गोष्ट पुढेच आहे. कोंबडी बसवताना मी सटवाईला नवस बोलले आहे, की माझ्या लेकीची सुखरूप सुटका होऊ दे, या पिलांतला पहिला नर तुझा. तू हसशील. हस. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि ते माझ्या हातून नीट पार पडायचं, याची मला रोज धास्ती वाटते. सातवा सरत आला की आम्ही घ्यायला येतो. तोवर पिल्लं अंगणात फिरत असतील.

जावईबापूंना आशीर्वाद, विहीणबाईंना नमस्कार. जेवणाची हयगय करू नकोस आणि आम्हाला दोन ओळींना महाग करू नकोस.
तुझी आई,
कुसाबाई

नामपूर
२ मार्च २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी हसले, पण थोडीच. बिचाऱ्याने अजून कवच फोडलं नाही आणि तू त्याला देवीच्या नावावर करून मोकळी झालीस. योगेशला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. जावयाच्या वाट्याचा कोंबडा देवीने पळवला, असं त्याचं म्हणणं आहे.

इथे कांद्याचा हंगाम आहे. योगेश मार्केटातून येतो तो अंगाला कांद्याचा वास घेऊनच. आधी मला त्याने मळमळायचं, आता भूक लागते. सासूबाई रोज भाकरीवर तूप वाढतात आणि पानात काही उरलं तर रागावतात. त्यांची अहिराणी ऐकून ऐकून माझ्याही तोंडात बसली आहे. परवा दादांना फोनवर मी ‘बरं शे’ म्हणाले, तर ते बराच वेळ हसत होते. ते तुला त्यांनी सांगितलं नसणारच.

बाळ आता चांगलं हलतं. दुपारी मी आडवी झाले की त्याची सुरुवात होते. सासूबाई म्हणतात की असं हलणारं बाळ आडदांड निघतं.

अंडी फुटली की लगेच कळव. मला तिकडे यायची घाई झाली आहे हे सासूबाईंना कळू देऊ नकोस. दादांना नमस्कार, आणि तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
सायली

सिन्नर
१४ मार्च २०२५

चि. सौ. सायली हिस,
अनेक उ. आशीर्वाद. वि. वि.

नऊ पिल्लं निघाली. दोन अंडी पोकळ होती. तांबडीने एवढे दिवस धड खाल्लं नाही, पाटीतून उठली तेव्हा हलकी झाली होती, पण रुबाब असा की मांजर सोड, दादासुद्धा अंगणातून जपून चालतात. मी कण्या टाकते. ती स्वतः खात नाही, चोचीने उचलून पिलांपुढे टाकते. ऊन तापलं की सगळी तिच्या पंखाखाली शिरतात आणि एखादं मान बाहेर काढून बघत बसतं.

मला त्यांची चिवचिव ऐकू येत नाही याचं पहिल्यांदा वाईट वाटलं. मग एक हातात घेतलं, तर त्याचं पोट थरथरत होतं. त्यावरून कळलं की ओरडतंय. आता रोज एकेकाला उचलून बघते. तुझ्या बाळाचं रडणंही असंच हातानेच ऐकेन म्हणते.

परवा घारीने एक नेलं. तांबडी तिच्यामागे बांधापर्यंत उडत गेली, कोंबडीला एवढं उडता येतं हे मला ठाऊक नव्हतं. आता ऊन खाली होईपर्यंत मी सगळ्यांना डालग्याखाली झाकून ठेवते.

पाडवा झाला की आम्ही येतो. मधली खोली सारवून घेतली आहे. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला बसले आहे, ती मऊ असतात. तब्येतीला जप आणि जड काही उचलू नकोस, एवढं माझं ऐक.
वाट पाहणारी,
आई

सिन्नर
९ मे २०२५

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुला नामपूरलाच ठेवून आलो तेव्हापासून लिहायला बसते आणि उठते. पाडव्याच्या आधीच दादांना फोन आला तो मला कळलाच नाही, त्यांचा चेहरा बघून कळलं. गाडी करून मालेगावच्या दवाखान्यात पोचेतो सगळं आटोपलं होतं. तू पांढरी पडली होतीस. रक्त चढवत होते. त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही, तू डोळे उघडावेस एवढंच वाटत होतं.

विहीणबाई म्हणाल्या ते खरं आहे, ते आपलं नव्हतं. ते मनातून काढून टाक आणि अंग भरून येऊ दे. मला याहून नीट लिहिता येत नाही, रागावू नकोस.

माहेरी येतेस का. तुझं नुसतं बसून राहणं मला चालेल. दादांनी फोनवर विचारलं तर तू नंतर बघू म्हणालीस. नंतर म्हणजे कधी ते लिही. दुपटी मी ट्रंकेत ठेवून दिली आहेत, तुझ्या नजरेला पडणार नाहीत.
तुझी,
आई

नामपूर
२८ जून २०२५

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

माझी तब्येत बरी आहे. घरकाम करते. योगेश कामावर जातो.

सासूबाई रोज त्या कोंबड्याचं काढतात. बोललेला कोंबडा देवीला द्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या वेळी ती पुन्हा आडवी येईल, असं त्यांचं म्हणणं आहे. मनाने त्या वाईट नाहीत, माझ्यासाठीच म्हणतात. पण पुढची वेळ हा शब्द मला ऐकवत नाही.

पिलांतला पहिला नर कोणता ते आता कळलं असेल. मला सांगू नकोस. तो त्या अंगणात आहे तोवर मी येणार नाही. बाळाबरोबर मोठा होणार होता, आणि तो झाला. त्याला बघायची माझ्यात ताकद नाही. तू त्याचं काय ते कर, पण मला वाईट वाटू नये म्हणून काही करू नकोस.

दादांना नमस्कार. पत्र तोकडं आहे, तेवढ्यावर भागव.
सायली

सिन्नर
२५ ऑगस्ट २०२५

चि. सायली,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने घेतले. तो अजून आहे. दादा म्हणतात की आरवायला लागला. मला ऐकू येत नाही, पण मान वर करून चोच उघडतो ते दिसतं, तेव्हा मी दुसरीकडे बघते. बोललेला म्हणून विकता येत नाही, घरात करून खाता येत नाही. आषाढात दादांनी दोनदा पाय बांधून पिशवीत घातला आणि मी दोनदा सोडवला.

का सोडवला ते तुला सांगते. दादांनाही बोलले नाही. मी सुटका म्हणाले, सायली. बाईची सुटका झाली म्हणजे मांडीवर बाळ आलं, हे आपण धरूनच चालतो. बाळ वेगळं मागावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या लेकीची सुखरूप सुटका होऊ दे, एवढंच बोलले आणि तिने मोजून तेवढंच दिलं. आता कोंबडा दिला तर मागितलं ते मिळालं असं मी कबूल केल्यासारखं होईल. नाही दिला तर तू जगलीस त्याची मला किंमत नाही असं होईल. अंगणात गेले की तो समोर येतो आणि मला काहीच ठरवता येत नाही.

एक शब्द जास्त बोलले असते तर माझं काय गेलं असतं.

तू शिकलेली आहेस. तूच सांग मी काय करू.
तुझी,
आई

नामपूर
१५ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा शब्द चुकलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं की आत बाळाची वार सुटली होती, आम्ही मालेगावला पोचायच्या आधीच ठोके थांबले होते. देवी काय वकील आहे, तुझं वाक्य धरून बसायला? तू मला मागितलंस आणि मी आहे. याचा तुला त्रास होत असेल तर मी कुठे जाऊ?

पण एका शब्दाचा मला राग आहे, तो आज लिहिते. सगळे ‘ते’ म्हणतात. ते गेलं, ते आपलं नव्हतं, ते मनातून काढ. तूही तसंच लिहिलंस. आई, ती मुलगी होती. नर्सने मला एकदाच दाखवली. तिला भरपूर जावळ होतं, काळंभोर, कपाळावर आलेलं. बोटांना नखं होती. तुम्ही येईपर्यंत थांबा, आईला बघू द्या, असं मी म्हणत होते, पण माझा आवाज निघत नव्हता आणि कुणी थांबलं नाही. योगेशने तिला माझ्या ओढणीत घेऊन नेलं. कुठे ते तो सांगत नाही, मीही विचारत नाही.

कोंबडा दे. माझ्या सुटकेबद्दल देऊ नकोस, सासूबाई म्हणतात त्या पुढच्या वेळेसाठीही नको. तिच्यासाठी दे. ती आली होती, एवढं कुणीतरी कुठेतरी सांगायला हवं. इथे मला ते कुणापुढे बोलता येत नाही.

दादांना हे पत्र वाचायला दे. मला जवळ धर, एवढंच मागते.
तुझी,
सायली

सिन्नर
१२ ऑक्टोबर २०२५

माझ्या सायलीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दादांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते परत वाचलं. मग मला म्हणाले की दसरा होऊ दे, आपण दोघं जाऊ. मी ‘ते’ लिहिलं ते माफ कर. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

तांबडी पुन्हा खुडूक झाली आहे. बसवायची की नाही ते तू आल्यावर सांग, तोवर ती आपली रिकाम्या पाटीत बसली आहे आणि मी तिला उठवत नाही. दिवाळीला ये. जावईबापूंनाही आण, ते बोलले नाहीत तरी चालेल.

शुक्रवारी सटवाईला गेलो. कोंबडा मीच काखेत धरला होता, सारखा मान वळवून माझ्याकडे बघत होता, ऊबदार होता. गर्दी होती, लेकुरवाळ्या बायका होत्या. गुरवाने काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही. दादांनी खुणेने सांगितलं, कुणाच्या नावानं म्हणून विचारतोय. मी म्हणाले, सायलीच्या मुलीच्या नावानं. मला माझा आवाज समजत नाही, मी फार मोठ्याने बोलते असं तुम्हीच सांगता. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. दादा नेहमी हाताने हळू बोल अशी खूण करतात, ती त्यांनी केली नाही. गुरवाचे ओठ पुन्हा हलले, नाव विचारत असावा किंवा वय. तिला दोन्ही नव्हतं. म्हणून मी त्याला सांगितलं की जावळ भरपूर होतं तिला, काळंभोर, कपाळावर आलेलं.

तुझी आणि तिची,
आई